उपचारकाची सनद

एका माणसाने दुसऱ्याच्या शरीरावर शस्त्र चालवावे की नाही, हे ठरविण्याची रीत गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बहुतेक देशांत पक्की झाली आहे: विद्यापीठाची पदवी, वैद्यक परिषदेच्या दप्तरी नोंद, आणि कसूर झाल्यास त्या नोंदीतून नाव खोडण्याचा परिषदेचा अखत्यार. परंतु ज्या उपचारात रोग्याला एक द्रव्य देऊन पाच-सहा किंवा आठ तास त्याच्या नित्याच्या जाणिवेबाहेर नेले जाते, ज्या अवधीत त्याची स्मृती, त्याची भीती आणि त्याचा विवेक ही सारी उघडी पडलेली असतात, त्या अवधीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची अर्हता कोणती असावी, या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. जे निकाल काही ठिकाणी घाईने लावले गेले आहेत, ते इतके परस्परविरुद्ध आहेत की एकाच द्रव्यासाठी एका राज्यात शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला एकवीस वर्षांचा तरुण पुरतो, तर दुसऱ्या देशात मनोविकारतज्ज्ञाखेरीज कोणालाही ते लिहून देता येत नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये 109 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला आणि 2023 च्या मध्यापासून तेथे सायलोसिबिन या द्रव्याची परवानाधारक केंद्रे उघडू लागली. काही जातींच्या अळिंब्यांत निसर्गतःच आढळणारे हे द्रव्य. ते घेणाऱ्याबरोबर जो बसतो त्याला तेथील कायदा ‘फॅसिलिटेटर’ म्हणतो, आणि त्याच्याकडून वयाची एकवीस वर्षे, माध्यमिक शिक्षणाचा दाखला, मान्य संस्थेतील 120 तासांचे अध्ययन, 40 तासांचा प्रत्यक्ष सराव, सरकारी परीक्षा, पूर्ववृत्ताची तपासणी आणि दरसाल दोन हजार डॉलरांचे शुल्क एवढ्याच गोष्टींची अपेक्षा ठेवतो. येणाऱ्याजवळ डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी चालते, रोगाचे निदान नसले तरी चालते. मात्र गेल्या तीस दिवसांत त्याने लिथियम घेतले असेल तर त्याला परत पाठवावे, असा नियम आहे. फॅसिलिटेटर स्वतः डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ असला, तर त्या खोलीत असेपर्यंत त्याने आपल्या मूळ व्यवसायाचा परवाना वापरू नये, असेही बंधन आहे. म्हणजे ज्याला निदान करता येते त्याने ते करावयाचे नाही, असा हा विलक्षण शिरस्ता! ऑस्ट्रेलियाने याच्या अगदी उलट मार्ग धरला. 1 जुलै 2023 पासून तेथे दुर्दम्य नैराश्यासाठी सायलोसिबिन आणि आघातोत्तर मनोविकारासाठी एमडीएमए ही द्रव्ये देता येतात, पण ती फक्त मनोविकारतज्ज्ञाने, तीही नीतिसमितीची संमती आणि सरकारकडून व्यक्तिशः अधिकारपत्र मिळवून. कोलोरॅडोने मधली वाट काढून साधा फॅसिलिटेटर आणि वैद्यकीय व्यवसायातला फॅसिलिटेटर असे दोन वर्ग केले आहेत.

या दोन टोकांपैकी कोणते शहाणपणाचे, असा प्रश्न विचारला की वाद लगेच अभ्यासक्रमाच्या तासांवर येतो: 120 तास थोडे की पुष्कळ, मानसशास्त्राची पदवी हवी की नको, परिचारिका चालेल काय. आमच्या मते हा वादच मुळात दुय्यम आहे, आणि तो तसा का आहे हे कळण्यासाठी त्या खोलीत काय घडते ते एकदा जवळून पाहिले पाहिजे.

एमडीएमएच्या मोठ्या चाचण्यांत जी पद्धत ठरली होती, ती घ्या. प्रथम दीड-दीड तासाच्या तीन बैठका, ज्यांत रोग्याची व उपचारकांची ओळख होते, काय घडू शकेल ते सांगितले जाते आणि काय घडू द्यावयाचे नाही ते ठरविले जाते. मग आठ-आठ तासांच्या तीन दीर्घ बैठका, ज्यांत द्रव्य दिले जाते. रोगी गादीवर पडून असतो, डोळ्यांवर पट्टी असते, कानांत संगीत असते, आणि दोन उपचारक त्याच्या दोहों बाजूंस बसलेले असतात. या प्रत्येक दीर्घ बैठकीनंतर दीड-दीड तासाच्या तीन, म्हणजे एकंदर नऊ बैठका, ज्यांत त्या दिवशी जे वर आले त्याचा अर्थ लावावयाचा. बेरीज केली तर एका रोग्यामागे बेचाळीस तास होतात, आणि उपचारक दोन असल्यामुळे मनुष्यबळाचे चौऱ्याऐंशी. यांतले चोवीस तास असे असतात की त्या काळात रोग्याने ‘हो’ म्हटले तरी ते ‘हो’ ग्राह्य धरता येत नाही आणि ‘नको’ म्हणण्याची त्याची शक्ती क्षीण झालेली असते. समोरच्याविषयी त्याच्या मनात विलक्षण विश्वास दाटून येतो, सूचना खोलवर रुजते, हाताचा साधा स्पर्शही एरवीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. शस्त्रक्रियेच्या मेजावर रोगी बेशुद्ध असतो, त्याला काही आठवत नाही; येथे तो शुद्धीवर असतो, सारे अनुभवतो आणि पुढे वर्षानुवर्षे तेच आठवत राहतो. म्हणूनच ऑरेगनच्या नियमकर्त्यांना आधाराचा स्पर्श कोठवर असावा हे लिहून काढावे लागले: आलिंगन, किंवा हातावर, पावलावर, खांद्यावर ठेवलेला हात, आणि तोही द्रव्य घेण्यापूर्वी लेखी संमती घेतलेली असेल तरच. ज्या सरकारी लेखनिकाने ‘पावलावर’ हा शब्द त्या नियमात घातला असेल, त्याला या धंद्याचे मर्म अनेक प्राध्यापकांहून अधिक कळले होते, असे आम्हांस वाटते.

अशा खोलीत बसणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याचा विचार झालेला नाही असे नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील एका संस्थेत 2016 पासून या उपचारकांचा अभ्यासक्रम चालू आहे. तो उभारणाऱ्या जॅनिस फेल्प्स या विदुषीने 2017 साली एका निबंधात सहा गुण सांगितले. समभावाने स्थिर उपस्थित राहणे, विश्वास वाढविणे, आध्यात्मिक समज, द्रव्यांच्या शारीरिक-मानसिक परिणामांचे ज्ञान, आत्मनिरीक्षण व नीतिमत्ता, आणि पूरक उपचारतंत्रांत प्रावीण्य. यादी वाचताना आपली मान आपोआप डोलते. पण परीक्षक म्हणून पाहिले तर या सहांपैकी ज्ञान आणि तंत्र एवढ्याच दोहोंची उत्तरपत्रिका तपासता येते. उरलेल्या चारांची परीक्षा कोणी, कशी घ्यावी? समभावाने शांत बसणारा मनुष्य आणि समभावाचा देखावा करून शांत बसणारा मनुष्य हे चाळीस तासांच्या सरावात सारखेच दिसतात. ज्या गुणावर सारी मदार, तोच प्रवेशद्वारी मोजता येत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे विचाराची दिशा पालटते: दाराशी कोणाला आत घ्यावे, याहून आत गेलेल्याला बाहेर कोण काढू शकतो, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

या विधानाला केवळ तर्काचा आधार आहे असे कोणी समजू नये. कॅनडातील व्हँकुव्हर येथे गेल्या दशकाच्या मध्यास एमडीएमएच्या चाचणीत एका स्त्रीवर उपचार झाले. उपचारक दोघे, पतिपत्नी. पत्नी परवानाधारक मनोविकारतज्ज्ञ, पतीजवळ मात्र कोणत्याही व्यवसायाचा परवाना नव्हता. त्याच्याजवळ विद्येची उणीव होती काय? मुळीच नाही. त्याने डॉक्टरेट मिळविली होती आणि या द्रव्यांच्या संशोधनात त्याची अनेक दशके गेली होती. कोणत्याही अभ्यासक्रमाच्या तासांच्या मोजमापात तो परीक्षकांच्या पंक्तीस बसला असता. तरीही बैठकांच्या चित्रफितीत ते दोघे त्या स्त्रीला अंथरुणावर दाबून धरताना आणि तिला बिलगून पडताना दिसतात, आणि चाचणीच्या बैठका संपल्यावर त्या पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवले, ही गोष्ट त्यानेही नाकारली नाही. ते परस्परसंमतीचे होते, एवढाच त्याचा बचाव. व्हँकुव्हर ज्यात येते त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मनोचिकित्सा हा तेव्हा कायद्याने नियंत्रित व्यवसाय नव्हता, तेव्हा त्याच्याविरुद्ध फिर्याद न्यावी अशी व्यावसायिक परिषदच अस्तित्वात नव्हती. ज्याच्या हाती सनदच नाही, त्याची सनद काढून कोण घेणार? ते प्रकरण दिवाणी न्यायालयात, मग वृत्तपत्रांत गेले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्या चाचण्यांवर आधारलेले तीन निबंध मागे घेतले. मधल्या साऱ्या वर्षांत सत्य टिकून राहिले ते मुख्यतः संशोधनाच्या नियमामुळे काढल्या गेलेल्या त्या चित्रफितीमुळे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. त्या खोलीत परवानाधारक डॉक्टरही होती. मग परवान्याने काय साधले? परंतु येथे दुसरा उपचारक का ठेवतात, याचाच विसर पडला होता. दुसरा मनुष्य असतो तो पहिल्यावर नजर ठेवण्यासाठी. आणि पत्नीने पतीवर, शिष्याने गुरूवर किंवा नोकराने मालकावर नजर ठेवावी ही अपेक्षा कागदावर कितीही रास्त असली, तरी प्रत्यक्षात ती फोल होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2023 मध्ये या द्रव्यांच्या चाचण्यांसाठी जो मसुदा काढला, त्यात मुख्य निरीक्षक स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याचा परवाना असलेला, पदव्युत्तर शिक्षण झालेला हवा आणि साहाय्यक निदान पदवीधर व मानसोपचाराच्या परवानाधारक ठिकाणी वर्षभर काम केलेला हवा, असे म्हटले आहे. ही अट बरी आहे. पण ते दोघे एकमेकांचे आप्त नसावेत, एकाची रोजीरोटी दुसऱ्यावर अवलंबून नसावी, ही अट आम्ही तिच्याही आधी घातली असती.

त्या प्रशासनाची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. त्याचा अखत्यार औषधापुरता. मनोचिकित्सा कशी व कोणी करावी, यावर त्याची हुकमत चालत नाही, ती राज्याराज्यांच्या परवाना मंडळांची बाब. जून 2024 मध्ये त्याच्या सल्लागार समितीपुढे एमडीएमएचा अर्ज आला तेव्हा परिणामकारकतेच्या प्रश्नावर दोन विरुद्ध नऊ, आणि लाभ धोक्याहून अधिक आहे काय या प्रश्नावर एक विरुद्ध दहा, असा कौल अर्जाविरुद्ध गेला, आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने मंजुरी नाकारली. त्या नकारामागे चाचण्यांच्या रचनेची कारणे अनेक होती. तरी औषध आणि उपचार या दोहोंचे मिळून जे एक मिश्रण, त्याचा अर्धा भाग आपल्या कक्षेबाहेर असता त्याची तसदीक करावी कशी, ही अडचण त्या चर्चेत सतत डोके वर काढीत होती.

आता दुसरा एक मुद्दा, ज्यावर या क्षेत्रातले लोक हिरिरीने भांडतात: उपचारकाने ते द्रव्य स्वतः घेतलेले असले पाहिजे काय? ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन याने 1938 साली एलएसडी तयार केले आणि 1943 साली स्वतःवर त्याचा प्रयोग केला. पुढे कंपनीने ते ‘डेलिसिड’ या नावाने मनोविकारतज्ज्ञांना पुरविले, तेव्हा सोबतच्या माहितीपत्रकात, डॉक्टरने ते स्वतः घेतल्यास रुग्णाच्या मनोविश्वात त्याला डोकावता येईल, असे सुचविले होते. मनोविश्लेषणाच्या परंपरेतही विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करवून घ्यावे असा दंडक विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ झाला. गंमत अशी की दंडक घालणाऱ्या संप्रदायाच्या मूळ पुरुषाचे विश्लेषण दुसऱ्या कोणी केले नव्हते, आणि 1922 साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोसही बव्हंशी स्वयंशिक्षितच होते. स्वानुभवाने रोग्याची अवस्था अधिक कळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तोच अनुभव माणसाला त्या द्रव्याचा भक्त बनवू शकतो, आणि भक्ताला देवाचे दोष दिसत नाहीत. एखाद्या रोग्याची प्रकृती बिघडली, तर तो ते बिघडणे म्हणून नोंदवील की ‘अंतरंगाची शुद्धी चालली आहे’ असे म्हणून त्या माणसाला आणखी एक मात्रा घेण्यास सांगेल? आपल्याकडे बुवांच्या मठांत ही भाषा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. तिच्यावर अमेरिकन मुलामा चढला म्हणून ती शास्त्रीय होत नाही. ज्या उपचारकाने द्रव्य घेतले आहे त्याला आडकाठी नसावी, ज्याने घेतलेले नाही त्यालाही नसावी. अर्हतेच्या यादीत या अटीला स्थान देऊ नये.

यावर कोणी म्हणेल, शतकानुशतके ही द्रव्ये विधिपूर्वक देणाऱ्या लोकांजवळ कोणती सनद होती? मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात वाउत्ला दे हिमेनेस नावाचे डोंगरी गाव आहे; तेथील मारिया साबिना ही माझातेक जमातीची स्त्री रात्रीच्या विधीत रोग्यांसाठी अळिंब्यांचा उपयोग करी. गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकन बँकरने 1955 साली तिच्या विधीत भाग घेतला आणि 1957 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा वृत्तान्त छापला, आणि मग परदेशी तरुणांची तेथे रीघ लागली. मारियाला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी तिला जाब विचारणारे कोणी नव्हते असे समजणे चूक होईल. तिच्या रोग्याची आई तिची शेजारीण होती. विधी बिघडला तर ती बातमी सकाळी साऱ्या गावात पोहोचणार होती. परके येऊ लागले, ते आज आले आणि उद्या निघून गेले, आणि गावाची ती नजर निरुपयोगी ठरली. त्या गर्दीचे खापर गावकऱ्यांनी मारियावर फोडले आणि तिचे घरही जाळले गेले. परवाना मंडळ ही त्या गावनजरेचीच शहरी, कोरडी आणि पगारी आवृत्ती आहे. ती मनाला भिडणारी नाही, पण जेथे उपचारक व रोगी एकमेकांना अनोळखी असतात तेथे दुसरा उपाय दिसत नाही.

म्हणून आज छुपेपणाने ही द्रव्ये देणारे जे अनुभवी लोक पाश्चात्य देशांत आहेत, त्यांना कायद्याच्या कक्षेत कसे घ्यावे हा प्रश्न आला की आम्हांस आपल्याच इतिहासातील एक दाखला आठवतो. मुंबई इलाख्यात 1938 साली देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही एक आणि परीक्षेवाचून आधीपासून व्यवसाय करीत आलेल्यांची यादी दुसरी, अशी तजवीज केली गेली. तिच्यावर तेव्हा टीका पुष्कळ झाली, आणि काही अपात्र माणसे आत आली हेही खरे; पण जो वैद्य काल कोणालाच उत्तर देण्यास बांधलेला नव्हता, तो त्या कायद्यामुळे एका मंडळाच्या नोंदीत आला. ऑरेगनच्या शालान्त परवान्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. तो अपुरा आहे. द्रव्य व इतर औषधे यांचा परस्परसंबंध, वेडाचा कौटुंबिक इतिहास, रक्तदाब यांचे ज्ञान असलेला मनुष्य केंद्रात असलाच पाहिजे, आणि डॉक्टराने आपले ज्ञान वापरू नये हा नियम तर ताबडतोब रद्द होण्याच्या लायकीचा आहे. पण व्हँकुव्हरचा तो विद्वान आणि ऑरेगनचा तो एकवीस वर्षांचा परवानाधारक यांपैकी आपल्या घरचे माणूस कोणाच्या स्वाधीन करावे असे विचारले, तर आम्ही दुसऱ्याच्या करू. कारण तक्रारीचा अर्ज गेल्यावर त्याचा परवाना सरकार काढून घेऊ शकते, आणि हे त्याला ठाऊक असते.

खर्चाचा आक्षेप उरतो. ऑस्ट्रेलियात एका रोग्याच्या पूर्ण उपचाराचा खर्च पंचवीस हजार डॉलरांच्या आसपास गेल्याचे प्रसिद्ध झाले आहे, आणि अटी वाढविल्या की गरिबाला दार बंद होते, हे कोणालाही कळते. पण आम्ही सुचवितो त्या अटी पदव्यांच्या नाहीत. प्रत्येक दीर्घ बैठकीची चित्रफीत ठेवणे, ती रोग्याच्या मालकीची मानणे व त्याच्या संमतीवाचून उपचारकाला नष्ट करता न येणे, परस्परांशी हितसंबंध नसलेले दोन उपचारक, आणि नावे खोडण्याचा अधिकार असलेली एक नोंदवही, यांना मनोविकारतज्ज्ञाच्या दहा वर्षांच्या शिक्षणाहून कितीतरी कमी पैसा लागतो. चित्रफितीने खाजगीपणा जातो, असे म्हणणाऱ्यांची शंका रास्त आहे. पण व्हँकुव्हरच्या त्या स्त्रीजवळ ती नसती, तर एका शब्दाविरुद्ध दोघांचे शब्द, एवढाच जाबसाल शिल्लक राहिला असता.

आपल्या देशात हा प्रश्न आज दूरचा वाटतो. 1985 च्या मादक द्रव्यविरोधी कायद्याप्रमाणे एलएसडीच्या एक दशांश ग्रॅमपेक्षा अधिक साठा हा व्यापारी परिमाणाचा गुन्हा ठरतो, आणि त्याला निदान दहा वर्षांची शिक्षा आहे. परंतु मुळात भुलेसाठी वापरले जाणारे केटामीन, जे 2011 पासून त्याच कायद्याच्या यादीत आहे, ते डॉक्टरच्या हातून नैराश्यासाठी दिले जाते, आणि तेही माणसाला तास-दोन तास जाणिवेबाहेर नेते. औषध देणारा डॉक्टर वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असतो, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असतो. पण नंतर त्या अनुभवाचा अर्थ लावून देणारा जो ‘समुपदेशक’, त्याची पाटी आजही कोणालाही दारावर लावता येते. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वर्तनविषयक आरोग्यसेवेतले व्यवसाय घातले आहेत. त्याखालची नोंदवही तक्रार ऐकण्याच्या यंत्रणेसह खरोखर भरली जावी, यासाठी मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या मराठी मंडळींनी आतापासूनच सरकारदरबारी तगादा लावावा. तोवर ज्या वाचकाला असा उपचार सुचविला जाईल, त्याने पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे: खोलीत माझ्याजवळ कोण बसणार, त्याचे नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत आहे, आणि तक्रार करावयाची झाल्यास अर्ज कोणाकडे द्यावयाचा.